उंची नेमकी कुठून मोजायची? : प्रादेशिक नियंत्रण जाळ्यातील उंचीची अचूकता

२००३ साली ऱ्हाईन नदीवर लाउफेनबुर्ग येथे जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांना जोडणाऱ्या पुलाचे काम सुरू असताना असे लक्षात आले की, दोन काठांवरून पुढे येणाऱ्या बांधकामांच्या पातळ्यांमध्ये ५४ सेंटिमीटरचा फरक पडतो आहे. ही चूक दुर्बिणीची नव्हती आणि मोजपट्टीचीही नव्हती. जर्मनी आपल्या उंच्या ॲमस्टरडॅमजवळच्या उत्तर समुद्राच्या पातळीवरून मोजतो, तर स्वित्झर्लंड मार्सेय येथील भूमध्य समुद्राच्या पातळीवरून, आणि या दोन शून्यांमध्ये त्या ठिकाणी २७ सेंटिमीटरचे अंतर आहे, ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. आराखड्यात ती दुरुस्ती धरलीही होती. मात्र जिथे वजाबाकी करायची तिथे बेरीज झाली आणि २७ चे ५४ झाले.

उंचीच्या अचूकतेविषयी बोलताना बहुतेकांचे लक्ष प्रथम यंत्राकडे जाते. यंत्र महत्त्वाचे आहेच, पण एखाद्या जिल्ह्याएवढ्या किंवा खोऱ्याएवढ्या प्रदेशात पसरलेल्या नियंत्रण जाळ्यात उंची बिघडते ती बहुधा अन्य कारणांनी. कधी कोणत्या पृष्ठभागापासून मोजले याचा घोळ होतो, कधी एकाच दिशेने साचत जाणारी बारीक चूक कोणाच्या लक्षात येत नाही, तर कधी मोजमापे एकमेकांना तपासू शकतील अशी जाळ्याची रचनाच केलेली नसते. हे तिन्ही दोष नवे यंत्र विकत आणून दूर होत नाहीत.

नियंत्रण जाळे म्हणजे जमिनीत पक्के रोवलेले, ज्यांचे स्थान आणि उंची काळजीपूर्वक ठरवलेली आहे असे बिंदू. पुढची सर्व मोजणी, मग ती रस्त्याची असो, कालव्याची असो किंवा पूररेषेची, या बिंदूंपासून सुरू होते. आडव्या स्थानात दोन सेंटिमीटरचा फरक पडला तर बऱ्याच कामांत तो खपून जातो. उंचीत तसे होत नाही, कारण पाणी उताराने वाहते आणि दर किलोमीटरला दहा सेंटिमीटर उतार असलेल्या कालव्यात नियंत्रणबिंदूची दहा सेंटिमीटरची चूक म्हणजे एका किलोमीटरचा संपूर्ण उतार नाहीसा होणे.

तीन पृष्ठभाग

उंची मोजण्यासाठी मनात तीन पृष्ठभाग वेगळे ठेवावे लागतात. पहिला म्हणजे प्रत्यक्ष जमीन, जिच्यावर आपण उभे असतो. दुसरा एलिप्सॉइड, म्हणजे ध्रुवांपाशी किंचित चपटा केलेला, गणिताने आखलेला गुळगुळीत गोल. उपग्रहांवर आधारित स्थाननिश्चितीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूजीएस ८४ या पद्धतीत त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर धरलेली आहे. हा पृष्ठभाग कुठेही दिसत नाही, पाण्याला तो ठाऊक नाही आणि ओळंबा त्याला काटकोनात लटकत नाही. तिसरा पृष्ठभाग जिऑइड. वारा, भरती-ओहोटी आणि प्रवाह नसलेला समुद्र जर जमिनीच्या आतूनही कालव्यांनी पसरवला, तर त्याचे स्थिर पाणी ज्या पातळीवर उभे राहील, ती ही पातळी. ओळंब्याची दोरी हिला काटकोनात असते आणि पाणसळीचा बुडबुडा हिलाच समांतर होऊन स्थिरावतो.

पृथ्वीच्या पोटातील वस्तुमान सर्वत्र सारखे पसरलेले नसल्यामुळे जिऑइड उंचसखल असतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तो एलिप्सॉइडच्या सुमारे १०६ मीटर खाली जातो, तर न्यू गिनीच्या परिसरात सुमारे ८५ मीटर वर येतो. एलिप्सॉइडपासून जिऑइडपर्यंतच्या या अंतराला जिऑइडची उंची म्हणतात. जिऑइड खाली असेल तर ती ऋण धरतात.

उपग्रहांकडून मिळणारी उंची एलिप्सॉइडपासून मोजलेली असते आणि अभियंत्याला लागणारी उंची जिऑइडपासून, म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटीपासून. दोहोंना जोडणारे सूत्र अगदी सोपे आहे : उपग्रही उंचीतून जिऑइडची उंची वजा केली की समुद्रसपाटीपासूनची उंची मिळते. समजा एखाद्या बिंदूची उपग्रही उंची ५१२.३४० मीटर आली आणि तेथील जिऑइडची उंची उणे ६२.४१० मीटर आहे. ऋण संख्या वजा करायची म्हणजे मिळवायची, म्हणून खरी उंची ५७४.७५० मीटर. येथे चिन्ह चुकले तर उत्तर ४४९.९३० येईल आणि ही सव्वाशे मीटरची चूक कोणाच्याही नजरेतून सुटणार नाही. घात करते ती लाउफेनबुर्गसारखी लहान दुरुस्ती, कारण तिचे चिन्ह उलटले तरी येणारे उत्तर पटण्यासारखेच दिसते.

शून्य ठरवतानाही समुद्र वाटतो तितका भरवशाचा नाही. तापमान, क्षारता आणि प्रवाह यांमुळे वेगवेगळ्या किनाऱ्यांवर समुद्राची सरासरी पातळी एकच नसते. ब्रिटनने न्यूलिन येथील १९१५ ते १९२१ या काळातील सरासरी समुद्रपातळी शून्य मानली. उत्तर अमेरिकेत १९२९ मध्ये २६ भरतीमापक केंद्रांवर उंची शून्य धरून जाळे बसवले होते. परंतु अनेक ठिकाणी शून्य लादल्यामुळे समुद्राच्या पातळीतील खरे फरक जमिनीवरच्या मोजणीत शिरले आणि जाळे वाकले. म्हणून १९८८ च्या नव्या आधारपातळीसाठी, म्हणजे उंचीचे शून्य म्हणून ठरवलेल्या पातळीसाठी, कॅनडातील क्यूबेक प्रांतात रिमूस्की येथील एकच केंद्र स्थिर धरण्यात आले. त्यामुळे जाळे वाकायचे थांबले, पण ते कलू लागले : एका किनाऱ्यावरून निघून हजारो किलोमीटर मोजत दुसऱ्या किनाऱ्याला पोहोचेपर्यंत साचलेली चूक सुमारे एक मीटरपर्यंत गेल्याचे पुढे जिऑइडच्या स्वतंत्र मोजमापांवरून दिसून आले. अत्यंत काळजीने केलेल्या लेव्हलिंगची, म्हणजे पट्ट्या वाचत टप्प्याटप्प्याने उंचीचा फरक मोजण्याच्या पद्धतीची, ही कथा आहे, हे ध्यानात ठेवावे.

जुळते, म्हणजे बरोबर असते असे नाही

लेव्हलिंगची कल्पना साधी आहे. दोन बिंदूंवर खुणा केलेल्या पट्ट्या, म्हणजे स्टाफ, उभ्या धरायच्या, मध्ये लेव्हल यंत्र ठेवून आडव्या दृष्टिरेषेने दोन्ही पट्ट्या वाचायच्या आणि मागच्या वाचनातून पुढचे वाचन वजा करायचे. मिळतो तो त्या दोन बिंदूंमधला उंचीचा फरक. असे टप्पे एकामागून एक जोडत बेंचमार्कपासून, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणेपासून, पुढच्या बेंचमार्कपर्यंत जायचे. एका टप्प्यातील चूक मिलिमीटरच्या अंशाएवढी असते, आणि या चुका यादृच्छिक असतील, म्हणजे कधी जास्त कधी कमी, तर त्यांची बेरीज अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच परवानगीयोग्य फरक किलोमीटरच्या वर्गमुळाला ४ मिलिमीटर, ८ मिलिमीटर किंवा १२ मिलिमीटर अशा पटींत सांगितला जातो. शंभर किलोमीटरच्या वळशाला ४ मिलिमीटरच्या निकषाने ४० मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, ४०० नव्हे.

सर्वेक्षक वळसा घालून मूळ बिंदूवर परत येतो किंवा गेलेल्याच मार्गाने उलट मोजत येतो आणि बेरीज शून्याच्या जवळ आली की समाधान मानतो. या समाधानाची मर्यादा फारशी सांगितली जात नाही, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य ठरेल.

समजा लेव्हल यंत्राची दृष्टिरेषा पूर्ण आडवी नसून १० विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) वर झुकलेली आहे. शंभर मीटरवर यामुळे वाचन सुमारे ५ मिलिमीटर जास्त येते. मागची आणि पुढची पट्टी यंत्रापासून सारख्या अंतरावर असतील तर दोन्ही वाचने सारखीच जास्त येतात आणि वजाबाकीत ही चूक नाहीशी होते. पृथ्वीच्या वक्रतेचा परिणामही याच युक्तीने जातो. मात्र चढावर मोजताना अडचण येते. मागची पट्टी खालच्या बाजूला असल्यामुळे दृष्टिरेषा तिच्या वरच्या भागावर पडते आणि लांबचे वाचनही मिळू शकते. पुढे मात्र जमीन चढत असल्यामुळे दृष्टिरेषा लवकरच जमिनीला भिडते. साहजिकच मागचे अंतर ५० मीटर आणि पुढचे ४० मीटर असे होत जाते. अशा प्रत्येक टप्प्यात सुमारे अर्धा मिलिमीटर चढ जास्त मोजला जातो आणि दहा किलोमीटरच्या घाटात शंभराहून थोडे अधिक टप्पे धरले तर ही चूक पाच सेंटिमीटरच्या पुढे जाते.

आता हाच सर्वेक्षक उतारावरून परत येतो. या वेळी मागची पट्टी वरच्या बाजूला असते, म्हणून मागचे अंतर आखूड आणि पुढचे लांब होते. चुकीचे चिन्ह उलटते, पण मोजल्या जाणाऱ्या फरकाचे चिन्हही उलटलेले असते. जाताना चढ पाच सेंटिमीटरने जास्त आला होता, येताना उतारही पाच सेंटिमीटरने जास्त येतो, आणि बेरीज शून्य. वही पाहणाऱ्याला हे काम उत्तम वाटेल.

पट्टीच्या लांबीतील चूकही अशीच लपून राहते. ॲल्युमिनियम एक अंश सेल्सियसला मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटरने प्रसरण पावते. पट्टी ज्या तापमानाला प्रमाणित केली त्यापेक्षा हवा १० अंशांनी अधिक गरम असेल, तर ३०० मीटर चढाच्या मोजणीत सुमारे ७ सेंटिमीटर कमी मोजले जातील, आणि त्याच पट्टीने, तेवढ्याच उन्हात परत आल्यास हिशेब पुन्हा तंतोतंत जुळेल. इन्व्हार या लोखंड-निकेल मिश्रधातूचे प्रसरण अंशाला मीटरमागे सुमारे एक मायक्रोमीटर, म्हणजे याच परिस्थितीत चूक ३ मिलिमीटरच्या आसपास राहते. हा मिश्रधातू शोधणारे शार्ल एदुआर गियोम यांना १९२० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते प्रामुख्याने अचूक मोजमापाला झालेल्या या उपयोगासाठी. बारकोड वाचणारी आधुनिक डिजिटल लेव्हल यंत्रे वाचनातील आणि नोंदीतील मानवी चूक काढून टाकतात. परंतु पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर बारकोडही तिच्याबरोबर ताणला जातो.

यावरचे उपाय जुनेच आहेत, फक्त ते कंटाळवाणे असल्यामुळे गळतात. रोज काम सुरू करण्यापूर्वी दोन खुंट्यांची चाचणी करून, म्हणजे त्यांच्यातला उंचीचा फरक एकदा यंत्र मधोमध ठेवून आणि एकदा एका खुंटीजवळ ठेवून मोजून, दृष्टिरेषेचा झुकाव तपासावा. मागचे-पुढचे अंतर प्रत्येक टप्प्यात सारखे ठेवावेच, शिवाय दोन बेंचमार्कमधल्या एका पूर्ण पट्ट्यातील दोन्ही अंतरांच्या बेरजाही जुळवाव्यात. दृष्टिरेषा जमिनीपासून अर्ध्या मीटरपेक्षा खाली जाऊ देऊ नये, कारण तापलेल्या जमिनीलगतच्या हवेच्या थरांत प्रकाश वळतो आणि चढावर हा परिणामही दोन्ही बाजूंना सारखा नसतो. पट्टीचे तापमान नोंदवावे. पट्टीवरची गोल पाणसळ तपासावी, कारण ३ मीटरवर वाचन घेताना पट्टी दोन अंशांनी कलली असेल तर जवळजवळ २ मिलिमीटर जास्त वाचले जाते, आणि कलण्याची चूक नेहमी जास्तीच्याच बाजूला असते. यातले काहीही वळशाची बेरीज जुळवून कळत नाही.

लांबच्या आणि डोंगराळ पट्ट्यांत आणखी एक अडचण येते. दोन समपातळी पृष्ठभाग एकमेकांना समांतर नसतात, कारण गुरुत्वाकर्षण विषुववृत्तापाशी सुमारे ९.७८ आणि ध्रुवापाशी ९.८३ मीटर प्रतिसेकंद वर्ग असे बदलते. ४५ अंश अक्षांशावर, १००० मीटर उंचीवर, उत्तर-दक्षिण १०० किलोमीटर पसरलेले एखादे शांत सरोवर असते, तर त्याच्या दोन टोकांची जिऑइडपासूनची उंची सुमारे ८ सेंटिमीटरने वेगळी भरली असती आणि तरीही पाणी एका टोकाकडून दुसरीकडे वाहिले नसते. त्यामुळे मोठ्या जाळ्यात लेव्हलिंगच्या फरकांना गुरुत्वाकर्षणाची दुरुस्ती द्यावी लागते. सपाट प्रदेशातील पंचवीस-तीस किलोमीटरच्या कामात ती नगण्य असते.

उपग्रहांची उंची का डळमळते

उपग्रही स्थाननिश्चितीने, म्हणजे जीएनएसएसने, मिळालेली उंची त्याच मोजणीतील आडव्या स्थानापेक्षा साधारण दीड ते तीन पट कमी अचूक असते. याचे मूळ भूमितीत आहे. आडव्या दिशेत उपग्रह पूर्वेला असतात तसे पश्चिमेलाही असतात, त्यामुळे दोन्हीकडच्या अंतरांतील समान चुका एकमेकींना छेद देतात. उंचीच्या दिशेत मात्र सर्व उपग्रह वरच्याच बाजूला. खालच्या बाजूचे उपग्रह पृथ्वीआड असतात. परिणामी सर्व अंतरे थोडी लांब मोजली गेली तर त्याचा सगळा भार उंचीवर येतो.

आणि अंतरे लांब मोजली जातातच. वातावरणाच्या खालच्या थरातून येताना संदेशाला उशीर होतो. डोक्यावरच्या उपग्रहासाठी समुद्रसपाटीला हा उशीर सुमारे २.३ मीटर अंतराएवढा असतो आणि क्षितिजाकडच्या उपग्रहासाठी कित्येक पट. त्यातील कोरड्या हवेचा मोठा भाग सूत्राने काढता येतो, पण बाष्पाचा भाग तासागणिक बदलतो. दरीतला नियंत्रणबिंदू आणि डोंगरमाथ्यावरचा बिंदू यांच्यामध्ये तर हवेचे थरच वेगळे असतात. म्हणूनच दोन बिंदूंमधला उंचीचा फरक मोठा असेल तेव्हा दहा मिनिटांच्या मोजणीवर विसंबू नये. तासन्‌तास चाललेल्या मोजणीत उपग्रह आकाशात फिरत राहतात, बाष्पाचा अंदाज सुधारतो आणि जवळच्या भिंतीवरून किंवा पत्र्यावरून परावर्तित होऊन आलेल्या संदेशांचा परिणामही सरासरीत कमी होतो. तीच मोजणी दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळी, म्हणजे उपग्रहांची मांडणी बदललेली असताना पुन्हा करणे हा उंचीसाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. पहिल्या दिवशी दिसलेले दोन मिलिमीटरचे प्रमाणविचलन, म्हणजे वाचनांचा आपसांतला विखुरलेपणा, आणि दुसऱ्या दिवशी दिसलेला तीन सेंटिमीटरचा फरक यांतून दुसऱ्यावर विश्वास ठेवावा.

याहूनही क्षुल्लक वाटणारी एक गोष्ट म्हणजे अँटेनाची उंची. बिंदूपासून अँटेनापर्यंतचे अंतर तिरके मोजले की सरळ उभे, अँटेनाच्या तळापर्यंत मोजले की कडेच्या खुणेपर्यंत, आणि संगणकात अँटेनाचे कोणते मॉडेल निवडले, यांतील एक उत्तर चुकले की काही सेंटिमीटरची चूक थेट उंचीत उतरते, आणि किती तास मोजणी केली याने तिला काही फरक पडत नाही. तिपाईऐवजी ठरावीक लांबीची दांडी वापरणे, सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा मोजणे, एकदा मीटरमध्ये आणि एकदा फुटांत मोजून रूपांतर तपासणे, आणि दुसऱ्या दिवशी तिपाई मुद्दाम वेगळ्या उंचीवर लावणे, असे साधे उपाय यावर आहेत. तिपाईची उंची बदलली म्हणजे पहिल्या दिवशीची चूक दुसऱ्या दिवशी नकळत तशीच उतरण्याची शक्यता कमी होते.

दोघांना एकत्र कसे बांधायचे

आता या दोन पद्धती शेजारी ठेवून पाहू. समजा आपल्या लेव्हलिंगची अचूकता किलोमीटरच्या वर्गमुळाला २ मिलिमीटर आहे आणि जीएनएसएसच्या उंचीफरकाची अचूकता, अंतर काहीही असो, सुमारे १५ मिलिमीटर. एक किलोमीटरवर लेव्हलिंग सातपटींहून अधिक सरस ठरते. पंचवीस किलोमीटरवर १० मिलिमीटर विरुद्ध १५, म्हणजे फारसे अंतर उरत नाही. पन्नास-साठ किलोमीटरच्या पुढे पारडे फिरते, आणि वर सांगितलेल्या लपलेल्या चुका जमेस धरल्या तर बरेच आधी फिरते. प्रादेशिक जाळे सुधारण्याचा मार्ग यातून निघतो : शेजारच्या बिंदूंमधले नाते लेव्हलिंगने घट्ट करायचे आणि संपूर्ण जाळ्याचा कल व वाक जीएनएसएसने आवरायचा. केवळ लेव्हलिंगवर उभे केलेले जाळे दूरवर भरकटते. केवळ जीएनएसएसवर उभे केलेल्या जाळ्यात एकमेकांपासून पाचशे मीटरवरचे दोन बिंदूही दोन सेंटिमीटरनी न जुळण्याची शक्यता असते.

दोहोंमधला दुवा म्हणजे जिऑइडचे मॉडेल. गुरुत्वाकर्षण मोजण्यासाठी २००२ मध्ये सोडलेले ग्रेस उपग्रह आणि २००९ ते २०१३ या काळात अतिशय खालच्या कक्षेतून फिरलेला गोचे उपग्रह यांच्यामुळे जिऑइडचे मोठे चढउतार चांगले कळले आहेत. ईजीएम २००८ सारखे जागतिक मॉडेल उपग्रहांची मोजमापे आणि जमिनीवरची गुरुत्वाकर्षणाची मोजमापे एकत्र करून बनवलेले असते. पण उपग्रहाला शंभर-सव्वाशे किलोमीटरपेक्षा लहान चढउतार नीट दिसत नाहीत. बारीक तपशील जमिनीवरच्या मोजमापांतूनच येतात, आणि जिथे ती विरळ आहेत, विशेषतः डोंगराळ मुलखात, तिथे मॉडेल डेसिमीटरने चुकू शकते. शिवाय जागतिक मॉडेलचे शून्य आणि स्थानिक आधारपातळीचे शून्य एकच असण्याचे कारण नाही.

म्हणून प्रदेशातल्या निवडक बेंचमार्कवर जीएनएसएसची दीर्घ मोजणी करतात. उपग्रही उंचीतून बेंचमार्कची लेव्हलिंगने आलेली उंची वजा केली की तेथील जिऑइडची प्रत्यक्ष उंची मिळते. ती मॉडेलने सांगितलेल्या उंचीशी ताडून पाहायची. समजा पाच बेंचमार्कवर हा फरक १८, २१, १९, २३ आणि ९ सेंटिमीटर आला. पहिले चार सांगतात की स्थानिक शून्य आणि मॉडेलचे शून्य यांत सुमारे २० सेंटिमीटरचे अंतर असून त्यात थोडा कल आहे. पाचवा काय सांगतो? जिऑइड अचानक अकरा सेंटिमीटर खचत नाही. दोन बेंचमार्कमध्ये काही किलोमीटर अंतर असताना तर नाहीच. बेंचमार्क मात्र खचतो. तो एखाद्या भरावावर किंवा पुलाच्या कठड्यावर बसवलेला असेल, वर्षानुवर्षे खाली गेला असेल, आणि यादीत मात्र त्याची जुनी उंची तशीच छापलेली असेल. उपग्रहाने आजची, खाली गेलेली उंची मोजली, यादीने जुनी सांगितली, आणि फरक तेवढ्याने कमी आला.

या पाचव्या बिंदूला सरासरीत घेण्याचा मोह टाळायला हवा, पण तो नुसता खोडून टाकणेही योग्य नाही. शेजारच्या बेंचमार्कपासून तेथपर्यंत काही किलोमीटरचे लेव्हलिंग केले की संशय खरा की खोटा ते दोन-तीन दिवसांत कळते. तो खचलेला आढळला तर त्याला नवी उंची द्यावी आणि त्या बिंदूवरून अलीकडच्या वर्षांत कोणती कामे सुरू झाली याची यादी काढावी. ही यादी सहसा कोणी काढत नाही.

उरलेल्या फरकांवर एक सपाट, किंचित कललेला पृष्ठभाग बसवून मॉडेलला दुरुस्ती देतात. असा पृष्ठभाग तीन बिंदूंतून नेमका जातो, म्हणून तीनच बिंदू घेतले तर उरलेला फरक नेहमी शून्य दिसतो आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही. किमान दुप्पट बिंदू असावेत, ते प्रदेशाच्या कडांवर आणि मध्यभागी असे पसरलेले असावेत, आणि त्यांपैकी दोन-तीन मुद्दाम बाजूला ठेवून शेवटच्या तपासणीसाठी वापरावेत. बिंदूंनी वेढलेल्या क्षेत्राच्या बाहेर ही दुरुस्ती ताणू नये. प्रदेशाच्या एका बाजूला डोंगररांग असेल तर सपाट पृष्ठभागाचा हट्ट धरण्याऐवजी तिकडे आणखी बिंदू घ्यावेत. डोंगराचे वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढते. एकोणिसाव्या शतकात भारतातील कल्याणपूर आणि कलियाना या दोन सर्वेक्षण ठाण्यांमधील अक्षांशाचा फरक त्रिकोणमितीने आणि ताऱ्यांवरून मोजला तेव्हा दोन उत्तरांत ५.२४ विकलांची तफावत आली होती. ती हिमालयाच्या ओढीमुळे असावी असे मानून गणित केले, तर हिमालयाने त्याहून कितीतरी अधिक ओढायला हवे होते असे निघाले, आणि पर्वतांखाली हलके कवच खोलवर रुतलेले असते या विचाराला त्यातून चालना मिळाली. जिऑइड केवळ वर दिसणाऱ्या डोंगरावर ठरत नाही, खाली काय आहे यावरही ठरतो, एवढे येथे पुरे.

हिशेबाची बाजू

सर्व मोजमापे हाती आली की किमान वर्ग पद्धतीने जाळे बसवायचे. प्रत्येक मोजमापाला थोडी दुरुस्ती द्यायची, पण अशी की सर्व दुरुस्त्यांच्या वर्गांची, विश्वासार्हतेनुसार वजन देऊन केलेली, बेरीज शक्य तितकी लहान असावी. लेव्हलिंगच्या लांब पट्ट्याला कमी वजन आणि आखूड पट्ट्याला जास्त.

येथे दोन ठिकाणी फसगत होते. जीएनएसएसचे संगणकीय साधन आपल्या आधाररेषांची, म्हणजे दोन यंत्रांमधल्या मोजलेल्या रेषांची, अचूकता बहुधा फार आशावादी सांगते, मिलिमीटरमध्ये; ती तशीच वजन म्हणून वापरली तर प्रामाणिक लेव्हलिंगही तिच्यापुढे झुकते. वेगवेगळ्या दिवशी आलेल्या उत्तरांतला प्रत्यक्ष फरक पाहून ही अचूकता आधी वास्तवावर आणावी लागते. दुसरी फसगत मोजमापांच्या संख्येची. तीन यंत्रे एकाच वेळी चालवली तर तीन आधाररेषा निघतात, पण त्यांतील दोनच स्वतंत्र असतात. तिसरी पहिल्या दोघींची वजाबाकी. तिन्ही घातल्या तर त्रिकोण सुरेख जुळतो आणि अहवालात अचूकता वाढल्यासारखी दिसते, पण नवी माहिती काहीच आलेली नसते.

जाळे प्रथम एकच बिंदू स्थिर धरून मोकळे सोडावे. या पायरीत फक्त मोजमापे एकमेकांशी किती जुळतात ते दिसते. त्यात दोष नसेल तरच पुढच्या पायरीत जुने ज्ञात बेंचमार्क स्थिर धरावेत. दुसऱ्या पायरीत दुरुस्त्या एकाएकी फुगल्या, तर दोष नव्या मोजणीत नसून जुन्या उंच्यांपैकी एखादीत आहे हे कळते. या दोन पायऱ्या एकत्र करून टाकल्या की खचलेला बेंचमार्क आपली चूक सभोवतालच्या निर्दोष मोजमापांत वाटून टाकतो आणि मग ती शोधणे जवळजवळ अशक्य होते.

उंचीला तारीख लावणे

जमीन स्वतःही हलत असते. हिमयुगातील बर्फाच्या ओझ्यातून मोकळा झालेला बोथनियाच्या आखाताभोवतालचा प्रदेश आजही वर्षाला सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत वर येतो आहे. भूजलाचा अतिउपसा झालेल्या प्रदेशांत, उदाहरणार्थ मेक्सिको सिटीत, जमीन त्याहून कितीतरी वेगाने खचते. अशा ठिकाणी पंधरा वर्षांपूर्वीचे लेव्हलिंग आणि यंदाचे जीएनएसएस एकाच गणितात तसेच घालणे म्हणजे दोन वेगवेगळ्या जमिनींची सरासरी काढणे होय. खडकात रोवलेले काही बिंदू संदर्भ म्हणून राखून, इतरांची उंची ठरावीक वर्षांनी पुन्हा मोजणे एवढाच मार्ग उरतो.

म्हणून नियंत्रणबिंदूच्या नोंदपत्रात उंचीच्या आकड्याबरोबर आधारपातळीचे नाव, मोजणीचे वर्ष, वापरलेले जिऑइडचे मॉडेल व त्याची आवृत्ती, स्थानिक दुरुस्ती दिली असल्यास तिचे मूल्य आणि चिन्ह, आणि अंदाजे अचूकता असायला हवी. अचूकता शक्यतो दोन प्रकारे द्यावी : शेजारच्या बिंदूंच्या तुलनेत किती आणि आधारपातळीच्या तुलनेत किती, कारण नाला खोदणाऱ्याला पहिली लागते आणि पूररेषा आखणाऱ्याला दुसरी. उपग्रही उंचीही स्वतंत्र रकान्यात जपावी, म्हणजे पुढे जिऑइडचे अधिक चांगले मॉडेल आले तर जागेवर न जाता उंची नव्याने काढता येईल. सुधारित उंच्या जाहीर करताना जुना आकडा खोडू नये; जुन्या आणि नव्या उंचीतला फरक प्रत्येक बिंदूसमोर, नव्यातून जुनी वजा केली आहे की जुन्यातून नवी हे शब्दांत लिहून, द्यावा.